गाणे जुने, आवाज नवा. इजाजत कोणाची घ्यायची?

चऱ्होलीच्या चार तरुणांनी आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. चौघेही चाकणच्या कारखान्यांत पाळीवर कामाला आहेत आणि सुटीच्या दिवशी लग्नकार्यात, उरुसात, गणेशोत्सवात गाणे-वाजविणे करून घरखर्चाला हातभार लावतात. ओव्हरटाइमची शिल्लक एकत्र करून सहा गाण्यांचा संच काढायचे त्यांनी ठरविले आहे. स्टुडिओ ठरला, आगाऊ रक्कम दिली गेली, एका दुकानदाराने जाहिरातही कबूल केली. सहांपैकी एक गाणे ‘बैजू बावरा’ मधले, रफीसाहेबांचे. दुसरे २०२३ मधल्या एका हिंदी चित्रपटाचे. तिसरा तुकोबांचा अभंग, श्रीनिवास खळे यांच्या चालीत. चौथी एक नात, जिचे शब्द त्यांचे स्वतःचे पण चाल गाजलेल्या चित्रपटगीताची. पाचवा अमीर खुसरोंच्या नावावर चालत आलेला कलाम आणि सहावे गाणे शब्दांसह सर्वस्वी त्यांचे. त्यांचे म्हणणे असे, की गळा आमचा, ढोलक-हार्मोनियम आमचे, स्टुडिओचे भाडे आमचे. मग परवानगी कोणाची आणि कशासाठी?

प्रश्न एकट्या चऱ्होलीचा नाही. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, शेजारी आळंदी, पलीकडे चाकणचा औद्योगिक पट्टा. या साऱ्या टापूत भजनी मंडळे, कव्वाली पार्ट्या, बँड आणि ऑर्केस्ट्रा भरपूर आहेत, आणि मोबाइलवर गाणे प्रसिद्ध करणे आता पूर्वीच्या कॅसेटपेक्षा कितीतरी सोपे झाले आहे. सोपे झाले म्हणून मोकळे झाले, असे मात्र नाही. म्हणून हा मामला आम्ही जरा सविस्तर मांडत आहोत.

कायद्याच्या नजरेने गाणे ही एक वस्तू नसून तीन वस्तू आहेत. शब्द ही पहिली, चाल ही दुसरी आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिन्हींचे हक्क वेगळे, मुदती वेगळ्या, आणि बऱ्याचदा मालकही वेगळे. आपण तेच गाणे आपल्या आवाजात नव्याने गातो तेव्हा फक्त तिसऱ्या वस्तूला हात लावत नाही. शब्द आणि चाल या दोन वस्तू तर जशाच्या तशा वापरतो. या दोहोंसाठी इजाजत लागतेच.

मुदतीचा हिशेब ‘बैजू बावरा’वरूनच पाहू. चित्रपट १९५२ चा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे त्या मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क २०१२ अखेर संपला. शब्द शकील बदायुनी यांचे. ते १९७० मध्ये वारले, आणि गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणून हे शब्द २०३० अखेरपर्यंत बांधलेले आहेत. संगीत नौशादसाहेबांचे. त्यांचा इंतकाल २००६ मध्ये झाला, म्हणून चाल २०६६ अखेरपर्यंत बांधलेली. आता गंमत पाहा. जुनी तबकडी मोकळी झाली, पण तेच गाणे नव्याने गाण्यासाठी २०६६ पर्यंत परवानगी हवी. ‘इतके जुने गाणे, आता कोण विचारतो’ असे स्टुडिओवाले सांगतात, त्यावर विसंबू नये. (मृत्यूनंतर ही मुदत आधी ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली.)

हा शब्द-चालीचा हक्क कोणाकडे असतो? पूर्वीच्या चित्रपटगीतांचा बहुधा निर्मात्याकडे आणि त्याच्याकडून संगीत कंपनीकडे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात हेच सांगितले, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली, ही चांगली गोष्ट झाली; पण परवानगीसाठी आजही बहुतेक वेळा संगीत कंपनीचेच दार ठोठवावे लागते.

व्हर्शन कॅसेटचा जमाना

आमच्या पिढीच्या वाचकांना दुसऱ्याच गायकाच्या आवाजातल्या ‘व्हर्शन’ कॅसेट आठवत असतील. तो धंदा एका कलमाच्या आधाराने उभा राहिला होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ (१) (जे) असे होते. मालकाच्या संमतीने एखाद्या गाण्याचे ध्वनिमुद्रण एकदा झाले, की दुसऱ्या कोणालाही ठरलेली नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून त्याच गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करता येई. मालकाची संमती लागत नसे. ही कल्पना बाहेरून आलेली. अमेरिकेत पियानो आपोआप वाजविणाऱ्या कागदी गुंडाळ्यांचा धंदा एका कंपनीच्या मुठीत जाईल या भीतीने १९०९ मध्ये अशी सक्तीची परवानगी कायद्यात आली, १९११ च्या इंग्रजी कायद्यात तीच कल्पना होती आणि १९१४ मध्ये तो कायदा हिंदुस्थानाला लागू झाला. एकाच्या हाती गाणे कोंडले जाऊ नये, हा मूळ हेतू.

त्याचा पुरेपूर फायदा उठविला तो गुलशनकुमार यांच्या सुपर कॅसेट्सने, म्हणजे टी-सीरिजने. जुन्या गाण्यांचा खजिना ग्रामोफोन कंपनीकडे, म्हणजे एचएमव्हीकडे होता. टी-सीरिजने तीच गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात बाजारात आणली. सोनू निगमच्या आवाजातली ‘रफी की यादें’ ही मालिका त्यातलीच. एचएमव्हीने कोर्टाची वाट धरली. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटाचे संगीत रामलक्ष्मण, म्हणजे आपले विजय पाटील, यांचे होते आणि कॅसेटचे हक्क एचएमव्हीकडे. टी-सीरिजने त्याच नावाने, मिळत्याजुळत्या वेष्टनात व्हर्शन काढले. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टी-सीरिजला अटकाव केला. मूळ कॅसेटसारखे वेष्टन वापरायचे नाही, आणि हे दुसऱ्या गायकांचे व्हर्शन आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट कळल्याशिवाय ते नाव वापरायचे नाही.

पुढे २००२ च्या सुमारास रिमिक्सची लाट आली. ‘समाधी’ (१९७२) मधल्या गाण्याचे रिमिक्स त्या साली घराघरांत वाजले. आपल्या रचनेचे वाटेल ते केले जाते आणि आपल्याला कोणी विचारत नाही, ही गीतकार-संगीतकारांची तक्रार वाढत गेली. जावेद अख्तर यांनी ती राज्यसभेतही मांडली. अखेर २१ जून २०१२ पासून नवा कायदा लागू झाला, जुने कलम गेले आणि त्याच्या जागी कलम ३१-सी आले. कव्हर व्हर्शनचे आजचे नियम ते हेच.

कलम ३१-सी काय सांगते

दार बंद झाले नाही, पण बरेच अरुंद झाले. गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यावर पूर्ण पाच वर्षे थांबावे लागते. मूळ कायद्यात अशी अटच नव्हती, १९९४ च्या दुरुस्तीने दोन वर्षे आली आणि २०१२ ला पाच झाली. चऱ्होलीच्या मंडळींचे २०२३ मधले गाणे त्यामुळे १ जानेवारी २०२९ पूर्वी या वाटेने निघूच शकत नाही. मालकाने राजीखुशीने लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी.

ध्वनिमुद्रणापूर्वी किमान १५ दिवस शब्द-चालीच्या मालकाला आणि कॉपीराइट निबंधकांना नोटीस द्यावी लागते. वेष्टनाचा व लेबलचा नमुना आगाऊ पाठवावा लागतो. रॉयल्टीही आगाऊ. वेष्टनावर पूर्वीच्या गायकाचे नाव किंवा चित्र नको, चित्रपटाचे नाव-चित्र नको, आणि हे या कलमाखाली केलेले कव्हर व्हर्शन आहे असे छापलेले हवे. ‘रफीसाहेबांची अमर गीते’ असे मथळ्यात लिहून त्यांची तसबीर लावण्याची आपल्याकडे हौस असते. या वाटेने जाणाऱ्याला ते करता येत नाही. शब्दांत वा चालीत मालकाच्या संमतीवाचून बदल नाही. मुद्रणाच्या तांत्रिक गरजेपुरता तेवढा चालतो. माध्यमही शेवटच्या ध्वनिमुद्रणाचेच असावे लागते, ते बाजारातून गेले असेल तरच दुसरे. हिशेबाच्या वह्या आणि शिल्लक मालाची नोंद ठेवायची आणि मालकाने मागितल्यास दाखवायची.

लहान माणसाला खरी अडचण आहे ती संख्येची. प्रत्येक कृतीसाठी, दर वर्षी, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, मग तुम्ही दोनशेच प्रती काढा. हिशेब समजावा म्हणून एका प्रतीला एका कृतीचे २० पैसे धरू. हा आमचा धरलेला आकडा आहे, सरकारी दर नव्हे. शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी. म्हणजे प्रत्येकी १०,००० प्रमाणे एका गाण्याचे २०,००० रुपये, तीन गाण्यांचे ६०,०००, आणि तेही एक प्रत विकण्याआधी. लहान भाषा किंवा बोलीतील गाण्यांसाठी ही किमान संख्या कमी करण्याचा अधिकार कायद्याने ठेवला आहे. दर आणि संख्या ठरविण्याचे हे काम आधी कॉपीराइट बोर्डाकडे होते, २०१७ मध्ये ते बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले, आणि २०२१ मध्ये ते मंडळही मोडल्यावर वाणिज्य न्यायालयाकडे आले. दोनशे प्रतींसाठी वाणिज्य न्यायालयाची पायरी चढणारा ऑर्केस्ट्रावाला आम्हाला अजून भेटायचा आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘प्रती’, ‘वेष्टन’, ‘लेबल’ ही सारी भाषा कॅसेट-सीडीच्या काळाची आहे. आजचे गाणे यूट्यूबवर चित्रफितीसह जाते. कलम ३१-सी फक्त ध्वनिमुद्रणापुरते आहे, चित्रफितीला ते लागूच नाही. गाण्याला चित्र जोडायचे तर मालकाची स्वतंत्र परवानगी हवी. आणि इंटरनेटवरील निव्वळ आवाजाला तरी ते चालेल का? कव्हर व्हर्शनवरचा नव्हे, पण शेजारच्या कलम ३१-डीवरचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल इथे ध्यानात ठेवावा. टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात २०१९ मध्ये आणि अपिलात २०२२ मध्ये कोर्टाने सांगितले, की प्रसारणासाठी दिलेली सक्तीची परवानगी इंटरनेटवरील सेवांपर्यंत ताणता येणार नाही. हे पाहता मोबाइलवर गाणे सोडणाऱ्याने कलम ३१-सीच्या भरवशावर राहू नये आणि सरळ मालकाची लेखी परवानगी मिळवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘पण यूट्यूबवर तर हजारो जण गातात’ असे कोणी म्हणेल. गातात खरे. तेथे मालक आपल्या गाण्यावर हक्क सांगतो आणि मग त्याच्या मर्जीवर असते: चित्रफीत बंद करावी, किंवा चालू ठेवून जाहिरातीचे पैसे आपण घ्यावेत. मालकाने चालू ठेवले ही त्याची मेहेरबानी. ती परवानगी नव्हे. कायदेशीर तक्रारीवरून ९० दिवसांत तीन ताकिदी आल्या तर सारे चॅनेलच जाते, त्यावरच्या स्वतःच्या गाण्यांसकट. खाली ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ अशी ओळ टाकल्याने काही होत नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ हीदेखील अफवाच. गाणी जगभर पोहोचविणाऱ्या काही सेवा थोड्या पैशांत ‘कव्हर लायसन्स’ काढून देतात, तेही नीट वाचावे. अमेरिकेच्या कायद्याखालील परवाना अमेरिकेपुरता असतो, त्याने हिंदुस्थानातली परवानगी मिळत नाही.

चाल त्यांची, शब्द आपले

चौथ्या गाण्याविषयी या तरुणांना मुळीच शंका नव्हती. नातेचे शब्द स्वतःचे, म्हणून गाणे स्वतःचे, अशी त्यांची समजूत. खरे तर सहांपैकी सर्वांत धोक्याचे गाणे हेच. चित्रपटाच्या चालीवर नात, भजन, जयंतीची गाणी, निवडणुकीची प्रचारगीते बसविण्याची चाल आपल्याकडे सर्व समाजांत आहे, आणि मशिदीच्या वा मंदिराच्या अंगणात ती कोणाला खटकत नाही. पण ध्वनिमुद्रण करून प्रसिद्ध केले की ते कव्हर व्हर्शनही राहत नाही, कारण शब्द बदलले. कलम ३१-सीचे दार येथे बंदच. संगीताच्या मालकाची परवानगी हाच एक मार्ग, आणि धार्मिक मजकूर आहे म्हणून सूट मिळत नाही. शिवाय कलम ५७ खाली संगीतकाराला, हक्क विकलेला असला तरी, आपल्या रचनेची मोडतोड होऊन नावाला बाध लागल्यास तक्रार करता येते.

तसेच कराओके ट्रॅकचे. गायकाचा आवाज काढलेले तयार संगीत इंटरनेटवरून उतरवून त्यावर गाण्याचा प्रघात पडला आहे. तो ट्रॅक म्हणजे कोणाचे तरी ध्वनिमुद्रण आहे, तेव्हा तिसऱ्या वस्तूचाही हक्क आडवा येतो. चऱ्होलीकरांची वाद्ये स्वतःची आहेत, ही त्यांची मोठी जमेची बाजू.

अभंगाचे काय? तुकोबा १६५० मध्ये वैकुंठाला गेले, शब्द सर्वांचे. पण चाल श्रीनिवास खळे यांची, ते २०११ मध्ये वारले, म्हणजे चाल २०७१ अखेरपर्यंत बांधलेली. वारकऱ्यांच्या परंपरागत चालीत तोच अभंग घेतला तर कोणाला विचारण्याचे कारण नाही. खुसरोंच्या कलामाचे उत्तरही असेच: खानकाहींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बंदिश मोकळी, एखाद्या चित्रपटासाठी किंवा अल्बमसाठी बांधलेली नवी चाल मोकळी नाही. ऐकून फरक कळत नसेल तर जाणत्या उस्तादांना विचारावे.

येथे आमची एक सूचना. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे सतराव्या शतकातले संतकवी, यांच्या रचना मराठीत आहेत आणि शब्द पूर्णपणे मोकळे आहेत. त्यांना स्वतःची चाल लावावी. मग चाल आणि ध्वनिमुद्रण, तीनपैकी दोन वस्तूंचे मालक तुम्हीच. आळंदीच्या शेजारी राहणाऱ्यांना पखवाजवाला शोधत दूर जावे लागणार नाही.

लग्नाच्या वरातीत किंवा लग्नघरच्या समारंभात वाजविण्याबद्दल घाबरू नये. कलम ५२ (१) (झेडए) मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाशी निगडित समारंभांतील प्रत्यक्ष गायन-वादनाला सूट आहे. तिची हद्द किती यावर वाद चालूच असतात. गोवा सरकारने त्याबाबत काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. तिकीट लावून केलेला कार्यक्रम मात्र सुटीत बसत नाही, त्याला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना लागतो. आणि वरातीतले गाणे चित्रित करून आपल्या पार्टीच्या नावाने प्रसिद्ध केले की ती सूट संपली.

परवानगी मागायची ती लेखी. पत्रात किंवा ई-मेलमध्ये गाण्याचे व चित्रपटाचे नाव, साल, गीतकार, संगीतकार लिहावेत. फक्त आवाज की चित्रफीत, कोठे प्रसिद्ध होणार, किती काळ, जाहिरातीचे पैसे घेणार का, हे स्पष्ट करावे. मालक कोण हे जुन्या कॅसेटच्या इनले कार्डवर किंवा अधिकृत चित्रफितीखाली सापडते. एचएमव्हीचा जुना साठा आता सारेगामा या नावाच्या त्याच कंपनीकडे आहे. उत्तर आले नाही म्हणजे होकार, असे समजू नये. ‘करा हो, काही होत नाही’ असे फोनवर सांगणाऱ्याचे शब्द कोर्टात उपयोगी पडत नाहीत. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले आहे. कारखान्यातल्या नोकरदाराने पोलिसांच्या कागदात नाव येण्याचा अर्थ समजून घ्यावा.

चऱ्होलीच्या मंडळींना आम्ही असे कळविले आहे, की पहिल्या दोन गाण्यांसाठी आधी पत्रे लिहा, उत्तर येईपर्यंत स्टुडिओत जाऊ नका. नातेला नवी चाल लावा. अभंग परंपरागत चालीत घ्या. आणि दिलेल्या आगाऊ रकमेत खुसरोंचा कलाम व स्वतःचे सहावे गाणे आधी मुद्रित करून घ्या. त्या सहाव्या गाण्याचे शब्द कोणी लिहिले, चाल कोणी लावली, वाटा कोणाचा किती, हे साध्या कागदावर चौघांच्या सह्यांनी आजच लिहून ठेवावे. कारण उद्या ते गाजले तर परवानगी मागायला लोक तुमच्याकडे येतील. कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही, पण पुरावा म्हणून नोंदणी बरी. अर्ज दिल्लीच्या द्वारका येथील कॉपीराइट कार्यालयाकडे इंटरनेटवरून करता येतो. शब्द किंवा चाल यांसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे, आणि अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते.